ग्लुटेन, स्वयंप्रतिरक्षा विकार आणि वारंवार होणारा गर्भपात : पुराव्यांचे परिशीलन

गोषवारा : गहू व तत्सम धान्यांतील ग्लुटेन, शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेतील बिघाड आणि एकाच स्त्रीचा पुनःपुन्हा होणारा गर्भपात यांचा परस्परसंबंध असावा, हा विचार गेल्या अर्धशतकात वैद्यकीय वाङ्मयात वेळोवेळी मांडला गेला आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचे उपलब्ध पुरावे तपासले आहेत. हा संबंध ग्लुटेनशी सरसकट नसून सीलिॲक या विशिष्ट रोगाशी, त्यातही मुख्यतः निदान न झालेल्या अवस्थेतील रोगाशी आहे. आणि म्हणूनच आहारातून गहू वगळण्याआधी रक्ततपासणी होणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ग्लुटेन, सीलिॲक रोग, स्वयंप्रतिरक्षा, प्रतिपिंडे, गर्भपात, आहार

प्रस्तावना

गर्भपात ही दुर्मीळ घटना नव्हे. ज्ञात गर्भधारणांपैकी ढोबळमानाने दर सात-आठ गर्भधारणांमागे एक गर्भ पहिल्या काही महिन्यांतच गळून पडतो आणि अशा आरंभीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा दोष आढळतो. तथापि हाच प्रसंग एखाद्या स्त्रीवर दोनदा, तीनदा ओढवतो तेव्हा केवळ योगायोगाचे स्पष्टीकरण अपुरे वाटू लागते. वारंवार होणाऱ्या गर्भपाताची व्याख्या सर्वत्र सारखी नाही. ब्रिटनमधील परंपरेनुसार तीन गर्भपात झाल्यावर ही संज्ञा वापरली जाते. युरोपातील प्रजननवैद्यक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ही संख्या दोनवर आणली. व्याख्या कोणतीही घेतली तरी सर्व तपासण्या करूनही सुमारे निम्म्या स्त्रियांच्या बाबतीत निश्चित कारण हाती लागत नाही.

कारण न सापडणे ही अवस्था सोसण्यास कठीण असते. आपल्याकडे तर ती त्या स्त्रीला एकटीलाच सोसावी लागते. घरातील कुजबूज, व्रते, उपास, देवदेवस्की यांचा सारा भार तिच्यावर पडतो. या रिकाम्या जागेत जे स्पष्टीकरण प्रथम येऊन बसते ते सहज मान्य होते. अलीकडे त्या जागेवर ‘गव्हाने दाह होतो, गहू सोडा म्हणजे गर्भ टिकेल’ हा सल्ला येऊन बसलेला दिसतो. हा सल्ला पूर्णतः निराधार असता तर त्याचा परामर्श घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्याच्या मुळाशी एक खरे तथ्य आहे आणि ते तथ्य नेमके कोणासाठी व किती मर्यादेत खरे आहे, हे स्पष्ट करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

ग्लुटेन आणि सीलिॲक रोग

कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली चोळत राहिल्यास त्यातील पिष्ट धुऊन जाते आणि रबरासारखा चिवट, करडा चोथा हातात उरतो. गृहविज्ञानाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थिनींना हा प्रयोग नेहमीच नवल वाटायला लावतो. हा चोथा म्हणजे ग्लुटेन. ग्लायाडिन व ग्लुटेनिन या प्रथिनगटांनी तो बनलेला असतो. पोळी लाटली असता न तुटता ताणली जाते आणि पाव फुगतो, तो याच्या बळावर. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून जो चीक काढतात त्यात प्रामुख्याने पिष्ट असले तरी ग्लुटेनचा अंश राहतोच. सातू म्हणजे जव आणि युरोपात पिकणारे राय या धान्यांतही याच कुळातील प्रथिने असतात. येथे राय म्हणजे आपली मोहरी किंवा राई नव्हे, हे लक्षात घ्यावे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, मका व राजगिरा यांत हे ग्लुटेन नसते.

बहुसंख्य माणसांना ग्लुटेन निरुपद्रवी असते. काही व्यक्तींच्या बाबतीत मात्र त्याच्या अर्धवट पचलेल्या तुकड्यांविरुद्ध प्रतिरक्षा यंत्रणा उभी राहते आणि त्या संघर्षात लहान आतड्याच्या अस्तराचीच हानी होते. अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर झिजून सपाट होतात. हा सीलिॲक रोग. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ सॅम्युअल गी यांनी १८८७ मधील व्याख्यानात त्याचे आधुनिक काळातील पहिले नेटके वर्णन केले आणि आहारातूनच त्यावर उपाय निघेल असे भाकीतही केले. कोणता अन्नपदार्थ अपायकारक हे मात्र त्यांना उमगले नव्हते. ते शोधले नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी. गव्हाविषयीचा त्यांचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासूनचा होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, त्या काळात त्यांच्याकडील रुग्ण मुलांची प्रकृती सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती ढासळली. १९५० मध्ये उत्रेख्त येथे सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी हा निष्कर्ष मांडला.

पुढे १९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी एक महत्त्वाची कडी जोडली. सीलिॲक रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे ग्लुटेनपुरती मर्यादित नसून शरीरातीलच टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या विकरावर रोखलेली असतात, असे त्यांनी दाखवून दिले. हे विकर ऊतींच्या दुरुस्तीचे काम करते. अन्नातील एका प्रथिनामुळे शरीराने स्वतःच्याच घटकाविरुद्ध शस्त्र उचलावे, यामुळे सीलिॲक रोगाची गणना स्वयंप्रतिरक्षा विकारांत, म्हणजे डॉक्टर ज्यांना ऑटोइम्यून आजार म्हणतात त्यांत, निश्चितपणे होऊ लागली. अशा बहुतेक विकारांत चिथावणी देणारा बाह्य घटक अज्ञात असतो. येथे तो ज्ञात आहे आणि ताटातून काढून टाकता येतो, ही या रोगाची असाधारण बाब होय.

प्रौढ स्त्रियांत हा रोग अनेकदा जुलाब किंवा पोटदुखीच्या रूपात प्रकट होतच नाही. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय, थकवा, हाडांचा ठिसूळपणा, तोंडात वारंवार येणारे फोड एवढीच त्याची खूण असू शकते. त्यामुळे तो वर्षानुवर्षे अनोळखी राहतो आणि प्रजननाची वर्षे नेमकी त्याच काळात निघून जातात.

एका विकारासोबत दुसरा

सीलिॲक रोग होण्यास डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या नावाच्या वारशाने येणाऱ्या जनुकीय खुणांपैकी एक असणे जवळजवळ अनिवार्य असते. परंतु ती खूण असलेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही. अनेक लोकसमूहांत तीस ते चाळीस टक्के व्यक्ती ती बाळगून असतात, तर जगभरात रोगाचे प्रमाण सुमारे एक टक्का एवढेच आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह याच जनुकीय खुणांशी निगडित आहे आणि थायरॉइड ग्रंथीच्या स्वयंप्रतिरक्षा विकारांची जनुकीय पार्श्वभूमीही काही अंशी सामाईक आहे. त्यामुळे हे आजार एकाच व्यक्तीत किंवा एकाच कुटुंबात आढळतात. थायरॉइडचा स्वयंप्रतिरक्षा विकार असलेल्या दर साठ-बासष्ट रुग्णांमागे एकास आतड्याच्या तपासणीने सिद्ध झालेला सीलिॲक रोग असतो, असे २०१६ मधील एका एकत्रित विश्लेषणात आढळले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हे प्रमाण याहून बरेच अधिक असते.

या सहअस्तित्वामुळे विवेचनात एक गुंता निर्माण होतो. थायरॉइडचे विकार आणि अनियंत्रित मधुमेह हे दोन्ही स्वतंत्रपणे गर्भपाताची शक्यता वाढवतात. सीलिॲक असलेल्या स्त्रीचा गर्भ टिकला नाही तर दोष आतड्याचा, थायरॉइडचा की दोहोंच्या समान मुळाचा, हे वेगळे करणे सोपे नसते.

गर्भपाताशी संबंध : आकडे काय सांगतात

प्रजनन आणि सीलिॲक यांच्या संबंधाची चर्चा १९७० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या टिपणापासून सुरू झाली, असे म्हणता येईल. वंध्यत्वाची तक्रार असलेल्या तीन स्त्रियांना सीलिॲक रोग निघाला आणि ग्लुटेनविरहित आहारानंतर त्यांना गर्भधारणा झाली, असे त्यात नमूद होते. तीन रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही. परंतु प्रश्न उपस्थित होतो आणि तो तसा झाला.

१९९६ या एकाच वर्षात दोन परस्परभिन्न निष्कर्ष पुढे आले. नेपल्स येथील अभ्यासात उपचार न घेतलेल्या ९४ व उपचार घेत असलेल्या ३१ सीलिॲक स्त्रियांच्या प्रजनन इतिहासाची तुलना करण्यात आली. उपचाराविना असलेल्या गटात गर्भपाताचा धोका जवळजवळ नऊपट दिसला. त्याच वर्षी फिनलंडमधील संशोधकांनी उलट दिशेने शोध घेतला. वंध्यत्व असलेल्या १५० स्त्रियांत त्यांना चार सीलिॲक रुग्ण सापडले. मात्र वारंवार गर्भपात झालेल्या ५० स्त्रियांत एकही सापडला नाही. नऊपट धोका आणि शून्य रुग्ण हे दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात, कारण दोन्ही लहान गटांवर आधारलेले आहेत. लहान गटात एक-दोन रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी प्रमाण पालटते.

इटलीतील कंपानिया प्रांताचे उदाहरण याहून बोलके आहे. २००० मध्ये तेथे ८४५ गर्भवतींच्या तपासणीत निदान न झालेले १२ सीलिॲक रुग्ण आढळले आणि त्यांच्या गर्भारपणातील गुंतागुंत ठळकपणे अधिक होती. साहजिकच सर्व गर्भवतींची चाचणी करावी, असा आग्रह सुरू झाला. त्याच प्रांतात पाच हजारांहून अधिक गर्भवतींचा समावेश करून २००४ मध्ये पुन्हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोगाचे प्रमाण सुमारे एक टक्का आढळले, परंतु गर्भपात, अकाली प्रसूती वा रक्तक्षय यांपैकी कशाचेही प्रमाण या स्त्रियांत वाढलेले दिसले नाही. संख्याशास्त्र शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना नमुन्याच्या आकाराचे महत्त्व समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज पडू नये.

विखुरलेले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष २०१४ मध्ये रोम येथील गटाने प्रसिद्ध केला. त्यानुसार सीलिॲक स्त्रियांत गर्भपाताचा सापेक्ष धोका १.३९ एवढा, म्हणजे इतरांपेक्षा सुमारे ३९ टक्के अधिक होता. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांत सीलिॲक असण्याची संभाव्यता-तुलना ५.८२ निघाली. हा दुसरा आकडा नेहमी उद्धृत होतो. मात्र त्याच्या विश्वासमर्यादा २.३० पासून १४.७४ पर्यंत पसरलेल्या आहेत. याचा अर्थ संबंध बहुधा आहे, पण तो दुप्पट की चौदापट हे या सामग्रीवरून सांगता येत नाही.

सर्वांत भरवशाचा पुरावा डेन्मार्कमधून आला. तेथील राष्ट्रीय रुग्णनोंदींच्या आधारे २०१८ मध्ये ६,३१९ सीलिॲक स्त्रियांची सुमारे ६३ हजार इतर स्त्रियांशी तुलना करण्यात आली. या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, निदानापूर्वीचा व निदानानंतरचा काळ त्यात वेगवेगळा पाहिला गेला. निदान होण्यापूर्वी दर हजार गर्भधारणांमागे ११ गर्भपात अधिक झाले होते, तसेच मृत अर्भक जन्माचे प्रमाणही किंचित अधिक होते. निदानानंतर हा फरक उरला नाही. निदानाच्या लगतच्या दोन वर्षांत गर्भधारणांची संख्याही कमी होती. रोग अंगात मुरलेला, प्रकृती खालावलेली आणि कारण अज्ञात, असा तो काळ असतो.

हजारी ११ ही वाढ वैयक्तिक पातळीवर लहान आहे. नऊपट धोक्याची भीती तिने दूर केली. परंतु निदान व आहारबदल यांनंतर ती नाहीशी होते, हे अधिक महत्त्वाचे. रोगाचे नाव न कळणे हाच येथे मुख्य धोका ठरतो.

संभाव्य यंत्रणा

हा संबंध कसा घडून येत असावा, याविषयी दोन विचारप्रवाह आहेत. पहिला कुपोषणाचा. लोहाचे शोषण लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात होते आणि फोलेटचेही बव्हंशी वरच्याच भागात. सीलिॲक रोगात सर्वाधिक झीज नेमकी तेथेच होते. गर्भाच्या पेशींच्या वेगवान विभाजनास फोलेट अत्यावश्यक असल्याने त्याच्या अभावाचे परिणाम उघड आहेत. जस्त, सेलेनियम व ड जीवनसत्त्व यांचीही तूट पडू शकते. तथापि केवळ पोषणाची तूट हेच कारण असते तर वजन उत्तम व रक्त भरपूर असलेल्या सीलिॲक स्त्रियांत धोका दिसायला नको होता. तो काही अभ्यासांत दिसतो.

म्हणून दुसरा, प्रतिपिंडांचा विचार पुढे आला. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर केवळ आतड्यात नसून वारेच्या पेशींतही असते. रोम येथील प्रयोगशाळेत २०१० मध्ये असे दाखविण्यात आले की, सीलिॲक रुग्णांची प्रतिपिंडे वारेच्या ट्रोफोब्लास्ट पेशींना जाऊन चिकटतात आणि त्या पेशींची गर्भाशयाच्या अस्तरात रुजण्याची क्षमता घटते. हे निरीक्षण लक्षवेधी असले तरी ते काचपात्रातील पेशींवरचे आहे. गर्भवतीच्या शरीरात हीच घटना त्याच प्रमाणात घडते, असे त्यावरून म्हणता येत नाही.

तीन विकार, पुराव्याच्या तीन पायऱ्या

सीलिॲकचे स्थान नीट समजण्यासाठी त्याची तुलना अन्य दोन स्वयंप्रतिरक्षा विकारांशी करणे उपयुक्त ठरेल.

पहिला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले. यातील प्रतिपिंडांमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, वारेच्या कार्यात बिघाड होतो आणि गर्भ दगावतो. वारंवार गर्भपाताच्या रुग्णांत या प्रतिपिंडांची तपासणी सर्वमान्य आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९० स्त्रियांवरील चाचणीत केवळ ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के, तर ॲस्पिरिन व हेपारिन दोन्ही घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के स्त्रियांना जिवंत अपत्य झाले. नंतरच्या काही चाचण्यांत फरक एवढा ठळक दिसला नाही, तरीही उपचार म्हणून ही जोडी टिकून आहे. येथे संबंध, यंत्रणा आणि उपचाराची चाचणी या तिन्ही कड्या जुळतात.

दुसरा विकार थायरॉइड प्रतिपिंडांचा. ही प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण अधिक असते, हे अनेक अभ्यासांनी दाखविले. मग थायरॉइडचे कार्य सुरळीत असतानाही या स्त्रियांना थायरॉक्सिनच्या गोळ्या देण्याची प्रथा पडली. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गोळी घेणाऱ्या गटात ३७.४ टक्के आणि औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्या गटात ३७.९ टक्के जिवंत अपत्यजन्म झाल्याचे आढळले. संबंध खरा असूनही त्यावर आधारलेला उपचार निष्फळ ठरला. थायरॉइडचे कार्य मंदावलेले असेल तेव्हा ही गोळी आवश्यकच असते. प्रश्न केवळ प्रतिपिंडांपुरता होता.

सीलिॲक या दोहोंच्या मधोमध आहे. संबंध दिसतो, यंत्रणा संभवनीय आहे, परंतु गर्भपात टाळण्यासाठी ग्लुटेनविरहित आहाराची यादृच्छिक चाचणी झालेली नाही. ती होणेही अवघड. ज्याला सीलिॲक आहे त्याला हा आहार तसाही आवश्यक असल्याने, तुलनेसाठी रुग्णांना मुद्दाम गहू खाऊ घालणे नीतीला धरून होणार नाही. डेन्मार्कमधील निदानापूर्वी व नंतरच्या काळाची तुलना म्हणूनच मोलाची ठरते.

ज्यांना सीलिॲक नाही अशा स्त्रियांनी गहू सोडल्यास गर्भ टिकण्याची शक्यता वाढते, असा पुरावा मात्र उपलब्ध नाही. सीलिॲक नसतानाही गहू खाल्ल्याने पोट फुगते वा दुखते, अशी तक्रार पुष्कळांची असते आणि ती काल्पनिक म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. पण तो त्रास ग्लुटेनचाच असतो का? २०१३ मधील ऑस्ट्रेलियातील व २०१८ मधील नॉर्वेतील प्रयोगांत दोष बव्हंशी ग्लुटेनकडे न जाता गव्हातील आंबणाऱ्या कर्बोदकांकडे गेला. कांदा-लसणातही ती असतात.

तरीही गहू सोडल्यावर मूल झाल्याच्या हकिगती ऐकू येतात आणि त्या सांगणाऱ्या स्त्रिया खोटे बोलत नसतात. याचे उत्तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोजेस्टेरॉन संप्रेरकाच्या चाचणीत सापडते. कारण न सापडलेल्या, वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांपैकी प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या ६५.८ टक्के स्त्रियांना जिवंत अपत्य झाले. ज्यांना औषधच नसलेली गोळी दिली होती त्यांच्यातही हे प्रमाण ६३.३ टक्के होते. म्हणजे काहीही विशेष न करता दर तिघींपैकी जवळपास दोघींची पुढील गर्भधारणा यशस्वी होते. त्या काळात स्त्रीने जे काही केले असेल, गहू सोडला असेल, एखादे व्रत केले असेल वा गाव बदलले असेल, त्याला यशाचे श्रेय मिळते. ही गोष्ट निराशाजनक नसून, खरे तर वारंवार गर्भपात झालेल्या प्रत्येक स्त्रीला सर्वप्रथम सांगितली जावी अशी आहे.

भारतीय संदर्भ

सीलिॲक हा गोऱ्यांचा रोग, ही समजूत आता मागे पडली आहे. भारतात उत्तर, ईशान्य व दक्षिण विभागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत केवळ ०.१० टक्के आढळले. रोगास अनुकूल जनुकीय खुणांचे प्रमाण मात्र तिन्ही विभागांत फारसे वेगळे नव्हते. आहारातील गव्हाचे प्रमाण वेगळे होते. या पाहणीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तांदूळ, ज्वारी व बाजरी यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या आणि गेल्या काही दशकांत भाकरीकडून पोळीकडे, पोळीकडून पाव-बिस्किटांकडे वळलेल्या आपल्या प्रदेशात चित्र कसे असेल, हा प्रश्न म्हणूनच जिज्ञासा वाढविणारा आहे. गृहविज्ञान, प्राणिशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावा असा हा विषय आहे.

वारंवार गर्भपाताच्या संदर्भात दिल्लीतील एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अज्ञात कारणाने वारंवार गर्भपात झालेल्या १०४ स्त्रियांत सीलिॲकची प्रतिपिंडे ६.७ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या ३०५ स्त्रियांत १.३ टक्के आढळली. प्रत्यक्ष संख्येत सांगायचे तर पहिल्या गटात सात आणि दुसऱ्या गटात चार स्त्रिया. शिवाय उत्तर भारतात आधीच अधिक असलेले रोगाचे प्रमाण लक्षात घेता, हाच आकडा कोकणात वा विदर्भात लागू होईल असे गृहीत धरता येणार नाही.

भारतात निदान चुकण्याचे एक खास कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आहेत. जेथे निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी असते तेथे रक्तक्षय हे लक्षण म्हणून डोळ्यांत भरतच नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात; त्या लागू पडल्या नाहीत तर ‘नियमित घेतल्या नसतील’ असा निष्कर्ष निघतो. नियमित गोळ्या घेऊनही रक्त न वाढणारी स्त्री आणि तिच्या इतिहासातील दोन-तीन गर्भपात, हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहिले जाणे गरजेचे आहे.

तपासणी आधी, पथ्य नंतर

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शन संस्थेच्या २०१५ च्या सूचनांतील शब्दयोजना येथे मार्गदर्शक आहे. थायरॉइडचा स्वयंप्रतिरक्षा विकार किंवा पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांना सीलिॲकची चाचणी देऊ करावी, असे त्या सांगतात. कारण न सापडलेले वंध्यत्व वा वारंवार गर्भपात असल्यास चाचणीचा विचार करावा, असे म्हणतात. ‘देऊ करावी’ आणि ‘विचार करावा’ यांतील अंतर हे पुराव्याच्या बळातील अंतर आहे. प्रस्तुत लेखिकेच्या मते, ज्या भारतीय स्त्रीला गर्भपातांसोबत हट्टी रक्तक्षय, थायरॉइडचा विकार किंवा सीलिॲक रोगाचा जवळचा नातेवाईक आहे, तिच्या बाबतीत विचारावर न थांबता चाचणी करूनच घ्यावी.

ही चाचणी साधी आहे. रक्तातील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिपिंडे मोजतात आणि सोबत एकूण आयजीए पाहतात, कारण दोन-तीन टक्के सीलिॲक रुग्णांत आयजीएचाच अभाव असल्याने चाचणी फसवी ठरू शकते. प्रतिपिंडे आढळल्यास प्रौढांत सहसा दुर्बिणीद्वारे लहान आतड्याचा तुकडा तपासून निदान पक्के करतात.

या क्रमातच ‘गहू सोडून पाहा’ या सल्ल्याचा खरा अपाय दडलेला आहे. ग्लुटेन बंद केले की प्रतिपिंडे हळूहळू उतरतात आणि आतड्याचे अस्तर भरून येते. मग चाचणी केल्यास ती निर्दोष येऊ शकते. खरे निदान करण्यासाठी त्या स्त्रीला पुन्हा किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक वेळच्या जेवणात गहू खावा लागतो. गर्भ राहावा म्हणून आसुसलेल्या, गव्हाची धास्ती घेतलेल्या स्त्रीला हे सांगणे किती अवघड, याची कल्पना करता येईल. शिवाय निदानाविना पाळलेले पथ्य सहसा अर्धवट असते. एखाद्या समारंभात, प्रवासात ते मोडते आणि खरोखर सीलिॲक असेल तर रोग आतून चालू राहतो. आई, बहीण, मुलगी यांची तपासणीही मग होत नाही; रुग्णाच्या जवळच्या रक्तसंबंधीयांत तर या रोगाचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी अधिक असते.

निदान झाल्यावर मात्र पथ्य आयुष्यभराचे व काटेकोर असावे लागते. आतड्याची झीज भरून येण्यास काही महिने ते वर्षाहून अधिक काळ लागत असल्याने, शक्य असल्यास रोग आटोक्यात आल्यावर व फॉलिक आम्ल, लोह यांची तूट भरून काढल्यावर गर्भधारणेचा विचार करावा, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. मराठी स्वयंपाकघराला हे पथ्य परके नाही. भाकरी, भात, वरण, घावन, आंबोळी, वरईचे तांदूळ यांवर संसार चालू शकतो. अडचण येते ती लपलेल्या गव्हाची. रवा, मैदा, शेवया, लापशी उघड असतात. पण थालीपिठाच्या भाजणीत व मेतकुटात अनेक घरी मूठभर गहू पडतो आणि बाजारातील बांधानी हिंगात मैदा मिसळलेला असू शकतो. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहिण्यासाठी भारतीय नियमांनुसार ग्लुटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. सुट्या पिठाला हा नियम सांगणारे कोणी नसते. आणि घरची निवडलेली, स्वच्छ ज्वारी गिरणीत गव्हाच्या दळणावर पडली, तर त्या पिठाची भाकरी सीलिॲक रुग्णासाठी ज्वारीची राहत नाही. ज्या घरात निदान झाले आहे तेथे घरघंटी घेणे, किंवा गिरणीवाल्याकडे केवळ ज्वारी-बाजरीसाठी राखलेल्या जात्याची चौकशी करणे, हे औषधाइतकेच आवश्यक ठरते.